खड्ड्यात उभा राहिलेला घरमालक

पूर्वी दंतपूर नगरीत सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका गृहपतीच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव वसुमित्र. वडिलांमागे वेशीजवळची एक आळी त्याच्याकडे आली आणि तिच्यातली नऊ घरे तो भाड्याने देऊ लागला.

त्या नगरीत घरमालकांचा एक संघ होता आणि संघाने एक रीत चालवली होती. आश्विनी पौर्णिमा आली की प्रत्येक भाडेकरूने घर रिकामे करायचे आणि दुसरीकडे बिऱ्हाड थाटायचे. एका जागी राहिला की भाडेकरू मूळ धरतो, असे त्यांचे म्हणणे. आता वर्षभरात जायचेच आहे म्हटल्यावर भिंत कोण लिंपणार? फुटके कौल कोण बदलणार? भाड्याचे घोडे ओझ्याने मरते म्हणतात. दंतपुरात भाड्याचे घर ओलीने मरत होते, आणि मालक भाडेकरूंच्या नावाने बोटे मोडीत होते.

सामा नावाची एक विणकरीण या रितीने पार पिचली होती. बाकीच्यांचे विंचवाचे बिऱ्हाड निदान पाठीवर तरी असते. हिचे होते जमिनीत. मागावर बसायचे तर पाय सोडायला खड्डा लागतो, आणि तो विणणाऱ्याच्याच मापाचा लागतो. उथळ झाला तर गुडघे भरून येतात, खोल झाला तर पायांनी दाबायच्या तळाच्या पावड्यांवर पाय पोचत नाहीत. सात वर्षांत सामाने सात खड्डे खणले आणि सातही आपल्या हातांनी बुजवले. शेवटचा बुजवताना तिला रडू आले नाही, राग आला.

आठव्या वर्षी ती वसुमित्राच्या आळीत आली. दारातूनच तिने सांगून टाकले, "मालक, मला जमीन खणावी लागेल. चालत नसेल तर आत्ताच बोला. सामान अजून गाडीवरच आहे."

"किती खोल?" वसुमित्राने विचारले, आणि तो कुदळ आणायला गेला.

खड्डा त्यानेच खणला. ती काठावर बसून, पाय सोडून माप सांगत होती. काम झाल्यावर तो म्हणाला, "बाई, हा आता बुजवायचा नाही. पौर्णिमा येईल आणि जाईल. तुम्ही राहा."

सामाचा विश्वास बसला नाही. असे गोड बोलणारे तिने पुष्कळ पाहिले होते. पण छपराचे कौल सरकले तर वसुमित्र दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन हजर होई, आणि विचारल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. हळूहळू तिने भिंती लिंपल्या, परसात शेवगा लावला. पुढच्या आश्विनात ती गेली नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. आळीतला तेली, कासार, कोणीच हलले नाही. मग इतर आळ्यांतले लोक आपापल्या मालकांना विचारू लागले, "आम्हीच काय घोडं मारलंय?"

संघाचा प्रमुख कालदंत याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिसऱ्या पौर्णिमेच्या सकाळी तो मातीने भरलेल्या पाट्या घेतलेले वीस हमाल घेऊन सामाच्या घरी आला. वसुमित्रालाही त्याने तिथेच बोलावून घेतले होते.

"आज हिनं खड्डा खणला, उद्या विहीर खणेल," कालदंत म्हणाला. "वसुमित्रा, हा बुजव आणि हिला बाहेर काढ. नाहीतर तूच संघाच्या बाहेर. मग तुझ्या घरांना ना सुतार मिळेल, ना गवंडी."

एका विणकरणीसाठी कोण आपली घरे पणाला लावतो, असे सामाच्या मनात आले. ती मुकाट्याने मागावरचे सूत सोडायला लागली.

"राहू द्या, बाई," वसुमित्र म्हणाला. त्याने धोतर खोचले आणि तो खड्ड्यात उतरून उभा राहिला. खड्डा त्याच्या मांडीपर्यंत आला. "घर माझं आहे आणि शब्दही माझाच आहे. बुजवायचा असेल तर मला धरून बुजवा."

"उचलली जीभ लावली टाळ्याला," कालदंत म्हणाला. "ओता रे."

पहिली पाटी रिकामी झाली. वसुमित्राची पावले दिसेनाशी झाली. दुसरी झाली, तिसरी झाली, माती गुडघ्यांना लागली. तो हलला नाही, आणि कालदंताकडे त्याने रागाने पाहिलेही नाही. सामाला मात्र राहवेना. ती पुढे झाली, काठावर बसली आणि तिने आपले पाय त्याच मातीत सोडले.

"सात मी गुमान बुजवले," ती कालदंताला म्हणाली. "हा नाही."

चौथी पाटी एका म्हाताऱ्या हमालाच्या डोक्यावर होती. त्याने ती खाली उतरवली, पण ओतली नाही.

"श्रेष्ठी, आज माझंही बिऱ्हाड रस्त्यावर यायचंय," तो म्हणाला. "घरी बायको भांडी बांधतेय. तिला सोडायला सांगतो." आणि तो चालू लागला.

उरलेले सगळे हमालही कोणाचे ना कोणाचे भाडेकरूच होते. एकेक करून पाट्या अंगणात टेकल्या आणि माणसे आपापल्या घरी गेली. कालदंताला स्वतः पाटी उचलायची सवय नव्हती. थोडा वेळ ओरडून तोही गेला.

त्या दिवशी दंतपुरात एकही बिऱ्हाड हलले नाही. संघाने राजाकडे धाव घेतली. राजाने वसुमित्राची आळी पाहिली, कालदंताची ओलीने फुगलेली घरे पाहिली, आणि ती रीतच मोडून टाकली. पुढच्या पावसाळ्याआधी कालदंताच्या भाडेकरूंनी त्याच्याही भिंती लिंपल्या. बिचाऱ्याची घरे त्याच्या मनाविरुद्ध सुधारली.

सामाने मात्र पौर्णिमेच्या त्याच दुपारी ओंजळीने माती उपसली आणि ती मागावर बसली. पाय सोडले, तर तळवे बरोबर पावड्यांना लागले.

जेतवनात ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कालदंत आज देवदत्त आहे. सुषेण राजा हा आपला आनंद, पाटी खाली ठेवणारा हमाल सारिपुत्र, आणि सामा ही उत्पलवर्णा. खड्ड्यात उभा राहिलेला वसुमित्र मी होतो. आपल्या शब्दावर विसंबून कोणी पाय सोडून बसले असेल, तर गळ्यापर्यंत माती आली तरी आपण जागचे हलायचे नसते. यालाच अधिष्ठान म्हणतात."