चार दिवसांचा मासा

फार पूर्वी कदंबपूर नगरात धृतिसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वाने एका अमात्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव क्षेमंकर. वडिलांच्या मागे तोही राजाचा अमात्य झाला.

धृतिसेन राजा क्रूर नव्हता, पण संशयी होता. तो तरुण असताना त्याच्या धाकट्या भावाला कुणीतरी जेवणातून विष घालून मारले होते, आणि ते कुणी घातले हे कधीच उघडकीस आले नाही. तेव्हापासून राजाचे अन्न तिघेजण चाखून पाहत आणि त्या तिघांवर चौथा नजर ठेवी. दोन माणसे हळू आवाजात बोलताना दिसली की राजा त्यांना वेगवेगळे बोलावून घेई आणि दोघांची उत्तरे जुळतात का ते पाही. त्यामुळे राजवाड्यातली माणसे बोलेनाशी झाली होती. विचारले तेवढेच सांगावे, आणि काही दिसले तरी दिसले नाही म्हणावे, अशी रीतच पडून गेली होती.

एकदा दक्षिणेकडच्या एका सरोवराकाठच्या कोळ्यांनी राजाला एक मासा भेट पाठवला. वीतभर लांब, सोनेरी अंगाचा, शेपटीला तांबूस झालर असलेला. मातीच्या मोठ्या डेऱ्यात, पाणवेली आणि बारीक गोगलगायींसकट, तो बैलगाडीतून अठरा दिवस प्रवास करून आला होता, तरी अगदी तरतरीत होता. राजाने पाण्यात बोट घातले तेव्हा मासा जवळ आला आणि बोटाला तोंड लावून पाहू लागला. राजा हसला. त्याला हसताना पाहून सेवकांनी एकमेकांकडे चोरून पाहिले.

"इथे हा एकटाच असा आहे," राजा जवळ उभ्या असलेल्या दासीला म्हणाला, "ज्याला कुणी काही शिकवून पाठवलेलं नाही."

त्या दासीचे नाव रेविका. ती पन्नाशीला आलेली, कमी बोलणारी बाई होती. माशावर लक्ष ठेवण्याचे काम राजाने तिला दिले, पण एक अट घातली. त्याच्या स्वतःच्या हाताशिवाय दुसऱ्या कुणीही पाण्यात काही घालायचे नाही.

राजाच्या माशाने मातीच्या डेऱ्यात राहावे हे राजाला बरे वाटेना. त्याने तांब्याचे नवे कोरे घंगाळ मागवले, चिंच आणि राख लावून ते लखलखीत घासून घेतले, आणि डेऱ्यातले अर्धे पाणी ओतून आपल्या हातांनी मासा त्यात सोडला. सोबत थोडी पाणवेल आणि काही गोगलगायीही सोडल्या. वैद्याच्या सांगण्यावरून तो स्वतः रोज सकाळी तांब्याच्या भांड्यातले पाणी पीत असे. जे आपल्याला हितकर ते ह्यालाही हितकर, असे त्याच्या मनात आले. उरलेल्या वेली आणि गोगलगायींसकट जुना डेरा मागच्या अंगणात विहिरीपाशी नेऊन ठेवण्यात आला.

दुसऱ्या दिवशी मासा बोटाजवळ आला नाही. तिसऱ्या दिवशी तो पाण्याच्या वर तोंड काढून राहू लागला. आपल्याला पाहायला तो वर येतो असे राजाला वाटले आणि तो बराच वेळ त्याच्याशी बोलत बसला. चौथ्या दिवशी सकाळी मासा पोट वर करून तरंगत होता.

राजा रडला नाही. बराच वेळ घंगाळाकडे पाहून तो एवढेच म्हणाला, "कुणी?"

राजवाड्याचे दरवाजे बंद झाले. जो अपराधी हजर करील त्याला महामात्यपद मिळेल, अशी दवंडी आतल्या आत फिरली. मग मात्र इतकी वर्षे गप्प असलेली माणसे बोलू लागली. आचाऱ्याने वैद्याचे नाव घेतले. वैद्याने पहारेकऱ्याचे घेतले. पहारेकरी म्हणाला, आचारी परवा उगाचच माशाच्या दालनावरून गेला. प्रत्येक जण दुसऱ्याच्या हाताकडे पाहत होता आणि आपले हात लपवत होता.

दुपारी भद्रघोष नावाच्या अमात्याने रेविकेला राजापुढे आणले. तिच्या कनवटीला एक पुरचुंडी सापडली होती. तिच्यात पांढरी पूड होती.

"तू पाण्यात काही घातलंस?" राजाने विचारले.

"नाही महाराज," रेविका म्हणाली. पण तिची मान खाली होती.

भद्रघोष म्हणाला, "घंगाळाच्या तळाशी हीच पूड आहे. मी बोटाने काढून पाहिली."

रेविकेचा चेहरा उतरला. राजाने तिच्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू भावाला विष घालणारा माणूस इतक्या वर्षांनी त्याच्यासमोर उभा होता. सूर्य मावळण्याच्या आत हिला पायात बेड्या घालून अंधारकोठडीत टाका, अशी आज्ञा त्याने दिली.

तेव्हा क्षेमंकर उठला. "महाराज, मला सूर्य मावळेपर्यंतचा वेळ द्या."

"तुझा हिच्याशी काय संबंध?" राजाने लगेच विचारले.

"काही नाही. म्हणूनच मागतो."

आपणही आता संशयाच्या घेऱ्यात आलो हे बोधिसत्त्वाला कळत होते. तो रेविकेजवळ गेला आणि हलक्या नव्हे, तर सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही खोटं बोललात हे सगळ्यांना दिसलं. पण खोटं भीतीनेही बोलतात. काय झालं ते सांगा. तुम्ही जे सांगाल त्याबद्दल तुम्हाला शिक्षा होणार असेल, तर ती आधी मी भोगीन."

रेविका म्हणाली, "तांदूळ भाजून त्याचं पीठ केलं होतं. काल तो काही खात नव्हता. राजाज्ञा मोडली, चिमूटभर टाकलं. मला वाटलं, खाईल."

क्षेमंकराने पुरचुंडी सोडली आणि त्यातली पूड तोंडात टाकली. "भाजलेल्या तांदळाचंच पीठ आहे," तो म्हणाला.

"मग पाण्यात आणखी काही असेल," भद्रघोष म्हणाला.

क्षेमंकराने एक वाटी घेतली, घंगाळातले पाणी भरले आणि सर्वांसमोर तो ते प्यायला. मग तो शांतपणे खाली बसला. ऊन खांबांवरून सरकत गेले. त्याला काही झाले नाही.

"विष माणसाला बाधलं नसेल," भद्रघोष शेवटी म्हणाला. "मासा नाजूक असतो. दुसरा मासा ह्या पाण्यात सोडून पाहू."

राजानेही मान डोलावली. पण क्षेमंकर म्हणाला, "नाही महाराज. एक जीव कशाने गेला हे कळावं म्हणून दुसरा जीव मी देणार नाही. त्यापेक्षा मला एक सांगा. घंगाळात गोगलगायी होत्या, त्या कुठे आहेत?"

राजा आठवू लागला. मग म्हणाला, "त्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी तळाशी पडल्या होत्या. पाणी घाण करतील म्हणून मीच वेचून टाकल्या. कुणी हातही लावला नव्हता तेव्हा. मी दिवसभर तिथेच बसून होतो."

"आता विहिरीपाशी चला."

राजामागून रेविकेसह सगळे तिथे गेले. जुन्या डेऱ्यात पाणवेलीला नवी पाने फुटली होती. डेऱ्याच्या आतल्या बाजूला दहाबारा गोगलगायी सावकाश चालत होत्या. राजा वाकून पाहत राहिला.

"तेच पाणी, त्याच वेली, त्याच गोगलगायी," क्षेमंकर म्हणाला. "बदललं ते फक्त भांडं. तांब्याचं पाणी आपण घोटभर पितो, महाराज. तो त्यातच राहत होता, त्यातच श्वास घेत होता. त्याला ते सोसलं नाही."

"म्हणजे मीच मारला," राजा म्हणाला.

"आपण त्याला चांगल्यातलं चांगलं दिलं. ते त्याच्यासाठी चांगलं नव्हतं, हे आपल्याला ठाऊक नव्हतं."

"कुणालाच ठाऊक नव्हतं?"

ह्या प्रश्नाला उत्तर रेविकेने दिले. "मला ठाऊक नव्हतं, महाराज. पण शंका आली होती. मासा दुसऱ्याच दिवसापासून धापा टाकत होता. वाटलं होतं, आपल्याला सांगावं, ह्याला परत डेऱ्यात सोडा. पण मग आपण विचारलं असतं, तुला कसं कळलं."

राजा विहिरीच्या कठड्यावर बसला. चार दिवसांच्या सोबतीचा तो मासा, आणि त्याच्याही कितीतरी आधी गेलेला, इतक्या वर्षांत ज्याच्यासाठी फक्त अपराधी शोधला तो धाकटा भाऊ, दोघांसाठी तो एकाच वेळी रडू लागला. कुणी त्याला उठवले नाही.

पुढे त्याने क्षेमंकराला महामात्यपद देऊ केले. क्षेमंकर म्हणाला, "ते अपराधी आणणाऱ्यासाठी होतं. मी कुणालाच आणलं नाही." पदाऐवजी त्याने एवढेच मागितले की राजवाड्यात जो कुणी काही सांगायला येईल, त्याला 'तुला कसं कळलं' हा प्रश्न पहिला विचारला जाऊ नये. राजाने ते मान्य केले.

रेविका मात्र नोकरी सोडून आपल्या घरी गेली. काही दिवसांनी राजा स्वतः तिच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "माझं चुकलं. परत ये."

तिने त्याला बसायला पाट दिला, पण परत येते असे म्हणाली नाही. "महाराज," ती म्हणाली, "मासा गेल्याचं मलाही वाईट वाटलं होतं. मी चारही दिवस त्याच्याजवळ होते. तेव्हा मला कुणी ते विचारलं नाही."

"आता सांग," राजा म्हणाला.

मग ती सांगू लागली, आणि राजा मध्ये काहीही न विचारता ऐकत राहिला.

एवढी कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, समोर बसलेल्या दोघांकडे पाहिले. विहारातले रोपटे अचानक सुकले म्हणून एक वृद्ध भिक्खू सकाळपासून सोबत्यांवर आळ घेत होता, आणि त्या रोपट्याला रोज पाणी घालणारी उपासिका मुकाट्याने रडत होती. शास्ते म्हणाले, "भिक्खू, त्या जन्मी धृतिसेन राजा तू होतास. रेविका ही उपासिका होती. भद्रघोष सभेत मागे बसला आहे, त्याला त्याचे ठाऊक आहे. आणि क्षेमंकर अमात्य मी होतो. त्या जन्मी मी जे दान दिले, ते अभयदान होते."