टिंबूची ऊब आणि गुलाबी डबा

निफाडची थंडी. बोचरी, कुडकुड थंडी. त्या थंडीत राहायचा एक कोळी. तिळाएवढा. नाव त्याचं टिंबू. पाय आठ, डोळे आठ, आणि घर एक.

घर कुठे? शाल्मलीताईच्या जुन्या कम्प्युटरच्या मागे. पांढरी, मऊ, एवढीशी झोळी. कम्प्युटर चालायचा, घुर्र घुर्र. मागून ऊब यायची. टिंबू झोळीत निजायचा.

एक दिवस कम्प्युटर म्हणाला, "खट्!" आणि बंद पडला तो पडलाच. भंगारवाले काका आले. कम्प्युटर गेला. झोळीही गेली. टिंबू तेवढा भिंतीवर राहिला. फार फार रडू आलं त्याला.

मग ताईने ठरवलं, नवा कम्प्युटर मी घरीच जोडणार. त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळणार! तिने आणि आईने एकेक वस्तू निवडली. स्क्रीन आली. चित्रांचं कार्ड आलं. वीजपेटी आली. सगळं ज्यावर जोडायचं तो बोर्ड आला. बोर्ड आत बसवायचा डबा आला, गुलाबी, झगमग. सगळं टेबलावर मांडलं. पण जुळेना काही. सगळं आपलं गारच्या गार.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टिंबू गेला स्क्रीनकडे.

"स्क्रीनबाई, स्क्रीनबाई, उजळ ना!
मला ऊब मिळेना!"

स्क्रीनबाई म्हणाली, "कशी उजळू? कार्ड चित्र काढेल, तर मी उजळेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टिंबू गेला कार्डाकडे.

"कार्डदादा, कार्डदादा, चित्र काढ ना!
स्क्रीन उजळेना,
मला ऊब मिळेना!"

कार्डदादा म्हणाला, "कसं काढू? मला वीज लागते पुष्कळ. पेटी वीज देईल, तर मी चित्र काढीन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टिंबू गेला वीजपेटीकडे.

"पेटीमावशी, पेटीमावशी, वीज दे ना!
कार्ड चित्र काढेना,
स्क्रीन उजळेना,
मला ऊब मिळेना!"

पेटीमावशी म्हणाली, "वीज आहे रे भरपूर. पण वायर जोडू कुठे? बोर्ड जागेवर बसेल, तर मी वीज देईन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टिंबू गेला बोर्डाकडे.

"बोर्डकाका, बोर्डकाका, बस ना!
पेटी वीज देईना,
कार्ड चित्र काढेना,
स्क्रीन उजळेना,
मला ऊब मिळेना!"

बोर्डकाका म्हणाले, "कुठे बसू? ताईने मला दाबलं, ढकललं. माझा कोपरा दुखतोय बघ. डबा जागा देईल, तर मी बसेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टिंबू गेला डब्याकडे. पाय गारठले होते. उड्या लहान लहान होत होत्या.

"डबेदादा, डबेदादा, जागा दे ना!
बोर्ड बसेना,
पेटी वीज देईना,
कार्ड चित्र काढेना,
स्क्रीन उजळेना,
मला ऊब मिळेना!"

डबेदादा हळूच म्हणाला, "कुठून देऊ? काका मोठे, मी छोटा. ताई माप घेईल, तर मी दुकानात परत जाईन. माझा मोठा भाऊ येईल, तो जागा देईल."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टिंबू गेला ताईकडे. ताई गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली होती. डोळे ओले होते.

"शाल्मलीताई, शाल्मलीताई, माप घे ना!
डबा जागा देईना,
बोर्ड बसेना,
पेटी वीज देईना,
कार्ड चित्र काढेना,
स्क्रीन उजळेना,
मला ऊब मिळेना!"

ताई म्हणाली, "चुकलं रे माझं. मी रंग बघितला, माप बघितलंच नाही. आता मोजू कशाने? आईची टेप उलगडेल, तर मी माप घेईन."

टुणुक. थांबला. टुणुक. थांबला. टिंबू गेला आईच्या शिवणाच्या टोपलीत. तिथे गुंडाळी होऊन बसली होती टेपआजी. पिवळी, जुनी. ब्लाउज, परकर, झबली, सगळ्यांची मापं घेतलेली.

"टेपआजी, टेपआजी, उलगड ना!
ताई माप घेईना,
डबा जागा देईना,
बोर्ड बसेना,
पेटी वीज देईना,
कार्ड चित्र काढेना,
स्क्रीन उजळेना,
मला ऊब मिळेना!"

टेपआजी म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मापाआधी डबा आणला होय? मला कुणी विचारलंच नाही रे. तू पहिला. ही बघ, आले!"

सर्रर्रर्र! टेप उलगडली.
ताईने माप घेतलं. बोर्ड बारा इंच. डब्यातली जागा दहा इंच.
गुलाबी डबा गेला, मोठा डबा आला. काळा, साधा. ना गुलाबी, ना झगमग. पण मापाचा!
डब्याने जागा दिली.
बोर्ड बसला, टक्!
पेटीने वीज दिली, घुर्र घुर्र!
कार्डाने चित्र काढलं.
स्क्रीन उजळली, लख्ख!

स्क्रीनवर गाडी धावली. आणि टिंबू? टुणुक! त्याने गाडीवरच उडी मारली.

"अगं बाई, कोळी!" आईने फडकं उचललं.

टिंबू तिथेच थिजला. आठही पाय पोटाशी घेतले.

ताईने आईचा हात धरला. "नको गं आई. त्याचं घर गेलंय. तो कुठे मोठी जागा मागतो? हे बघ." तिने करंगळीचं पेर दाखवलं. "एवढीच."

आईने पेर बघितलं. टिंबूकडे बघितलं. फडकं खाली ठेवलं.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टिंबू गेला स्क्रीनच्या मागे. त्याने धागा काढला. पांढरी, मऊ, एवढीशी झोळी विणली. घुर्र घुर्र, ऊब आली. टिंबू झोळीत निजला.

ज्याला त्याला मापाची जागा,
गोष्टीचा इथे संपला धागा.