शेवटचा ळ

छापखान्यांत शिशाचे खिळे जुळवून मजकूर छापत, त्या काळची ही गोष्ट. एका छापखान्यात ळ अक्षराचा एक जुना खिळा होता. त्याचा एक वाटोळा भाग झिजून तुटला होता, तरी ‘सकाळ’ या शब्दात तो रोज छापला जाई आणि लोक तो बिनचूक वाचत.

एके दिवशी ळ म्हणाला, “दरवेळी मीच का शेवटी? आज मी पुढे उभा राहणार.”

“नको रे,” स म्हणाला. “तू तुटला आहेस. आमच्याशेजारी आहेस म्हणून लोक तुला ओळखतात.”

“लोक मला माझ्यामुळे ओळखतात,” असं म्हणून ळ सरकत सरकत सगळ्यांच्या पुढे गेला.

कागदावर ‘ळसका’ उमटलं. छापलेलं तपासणाऱ्या इंदिराबाईंनी कागद उजेडात धरला. “दाजीबा, हे पहिलं अक्षर कुठलं? व की ठ?”

“ळ आहे, बाई. काल हाच खिळा तुम्ही नीट वाचलात की.”

“काल तो शब्दात होता. तुटलेलं माझ्या मनानंच भरून घेतलं असेल. आज मला खरंच कळत नाही.”

खिळे जुळवणाऱ्या दाजीबांनी चिमट्याने ळ उचलला आणि वितळवायच्या भांड्यात टाकला. स आणि का पुन्हा आपापल्या जागी सरकले.

दुपारी नवा, अखंड ळ येऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला. इंदिराबाईंनी ‘सकाळ’ वाचलं आणि न थांबता त्या पुढच्या शब्दावर गेल्या.