गार घरटं

फार मागं, एका विहिरीवरच्या बाभळीला सुगरण पाखरांची वस्ती होती. वर्षागणिक ऊन असं चढत गेलं की म्हातारी पाखरं भर दुपारी फांदीवरून टपाटप पडू लागली. मग तरण्या नरांनी ठरवलं, म्हाताऱ्यांसाठी गार घरटी विणायची.

ठकूआजीला गहिवरून आलं. वस्तीची रीतच होती: नरानं अर्धं घरटं विणायचं, मादीनं आतबाहेर निरखून होकार द्यायचा, मगच पुढची काडी. आजी रोज बोलावण्याची वाट बघत बसली. कुणी आलं नाही. शेवटी तीच आपलं घरटं विणणाऱ्या नराला म्हणाली, “गुंफ्या बाळा, मला दाखव की रे एकदा.”

“आजी, पसंती जोडीदारणीची घेतात,” गुंफ्या हसला. “तुझं काय आता नखरे करायचं वय आहे? आयतं मिळतंय ना!”

घरटं झालं मात्र देखणं. दुहेरी विणीचं, आतून चिखलानं लिंपलेलं, आणि झळ शिरू नये म्हणून खाली ही लांबलचक नळी.

ज्या दुपारी सावलीही भाजायला लागली, त्या दुपारी आजी निघाली. खालून सरळ वर झेपावून नळीत शिरायचं होतं. तिनं एकदा झेप घेतली, दोनदा घेतली. पंखांत तेवढं बळ असतं तर म्हातारपण कसलं? तिसऱ्यांदा पडली ती उठलीच नाही.

गुंफ्या धावत आला. काही न सुचून तो नळीतून वर घरट्यात शिरला. आत खरंच गार होतं. शेजारच्या फांदीवर तशीच आणखी सात घरटी, तितकीच गार, रिकामी झुलत होती.