सात खोल्यांचं घरटं

एका माळावर जुन्या विहिरीवर वाकलेली एक बाभळ होती. त्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती, आणि तिथंच एक तरणा नर राहत असे. घरटं बांधायचं त्याचं हे पहिलंच वर्ष. या पाखरांची रीत अशी आहे बरं का मुलांनो, की नरानं हिरव्या गवताची पाती विणून घरटं अर्ध्यावर आणायचं. मग मादी येते, चोचीनं ओढून-ताणून बघते. तिच्या मनाला आलं तरच नर पुढचं विणतो आणि ती आत अंडी घालते. नाही आलं, तर त्या साली त्याला ना घर, ना पिल्लं.

तरण्यानं पहिलं पातं आणलं तेव्हाच पंख फुलवून सांगितलं, "मी सात खोल्यांचं घरटं बांधणार! या झाडावर असं कुणी बांधलं नसेल."

शेजारच्या फांदीवरचा म्हातारा नर म्हणाला, "बाळा, यंदा एक खोली नीट लोंबू दे. माझी पहिली घरटी तर वाऱ्यानंच नेली होती."

"काका, तुम्हाला जमलं नाही म्हणून मलाही जमायचं नाही होय?"

म्हातारा रागावला नाही. आपलं पातं विणत राहिला.

खरं सांगायचं तर पोराची चोच चांगली होती. पहिली खोली अर्ध्यावर आली तोच एक मादी आली. लोंबकळून तिनं घरट्याला हिसके दिले, आत डोकावली. "अहो, गाठ घट्ट आहे तुमची," ती म्हणाली. "मला पसंत आहे. खालची यायजायची नळी तेवढी विणा, की मी आलेच."

तरण्याचं मन आनंदानं नाचलं. पण सात खोल्यांचं वेड काही डोक्यातून जाईना. "एवढ्यात कुठं? अजून सहा खोल्या व्हायच्यात. जरा थांब."

ती बिचारी थांबली. त्यानं दुसरी खोली धरली, ती तशीच टाकून तिसरी धरली. एकीला छप्पर नाही, दुसरीला तळ नाही. शेजारचे नर चिवचिवले, "काय राव, राजवाड्याला दार कधी बसणार?" त्यांच्या साध्या घरट्यांत तोवर अंडी आली होती.

एके दिवशी मादी जड अंगानं येऊन बसली. "अहो, पोटातली अंडी नाही हो थांबायची. तुमची एक खोली पुरी झाली असती, तरी मला पुरली असती."

"चारच दिवस कळ काढ!"

 ती उडाली ती थेट म्हाताऱ्याच्या विणून तयार घरट्यात शिरली.

तेव्हा कुठं तरण्याचे डोळे उघडले. बाकीचं सगळं सोडून तो पहिल्या खोलीची नळी विणायला बसला. पण एव्हाना माळ पिवळा पडला होता. पातं वाकवलं, मोडलं. दुसरं आणलं, तेही चोचीत मोडलं. शेजारून पिल्लांचा चिवचिवाट येत होता. म्हातारा हळूच त्याच्याजवळ येऊन बसला.

"काका, आता मला एकच खोली हवी आहे हो."

"होय रे बाळा," म्हातारा म्हणाला, "पण आता हिरवं गवत राहिलं नाही."

तात्पर्य : मोठं स्वप्न मनात खुशाल असावं, पण काम हाती घ्यावं ते आपल्या बळाला आणि मिळालेल्या वेळेला पुरेल एवढंच.