एका ताटातल्या दोन चवी

निवृत्त न्यायाधीश यशवंतराव वऱ्हाडपांडे घरीदारी निकालच देत. लग्नाच्या वाढदिवसाला लेकीने त्यांना आणि शरयूताईंना लेबनीज-मेक्सिकन हॉटेलात पाठवलं. दिवसभर स्वयंपाकघरात राबून शरयूताई दमल्या होत्या. मेक्सिकन टाको आले, आत लेबनीज कबाब आणि हमस, म्हणजे काबुली चण्यांची चटणी. त्यांनी हात पुढे केला, तोच यशवंतरावांनी ताट सारून मालकाला बोलावलं.

“दोन देशांच्या चवी एका ताटात नांदत नाहीत. एकीला मरावंच लागतं. घेऊन जा हे!”

मालक बिचारा ताट उचलू लागला. शरयूताईंनी ते धरून ठेवलं.

“हा नियम चवींचा नाही हो, आमच्या घरचा आहे,” त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या. “मी मालवणची, हे नागपूरचे. लग्न झाल्यापासून आमच्या ताटात माझी सोलकढी कधी आली नाही. इथे यांचा हुकूम चालत नाही, म्हणून या ताटात दोन्ही चवी जिवंत आहेत.”

मालकाने ताट हळूच शरयूताईंपुढे सरकवलं. कितीतरी वर्षांनी त्या दुसऱ्याच्या हातचं, गरम गरम, सावकाश जेवल्या.