गौरातळ्यातली भुरुंडी

चिखलटोला गावचे गौरातळे उन्हाळ्यात आटले की त्याच्या मधोमध भुरुंडीचे झुडूप उगवते. पाने जाड, सुरकुतलेली, बोट फिरवले तर खरखरीत. देठाच्या टोकाला बारीक पांढऱ्या फुलांची दुहेरी ओळ, आणि तिचा शेंडा आत वळलेला. कोणी पाहुणा आला तर गावातले म्हातारे सोमाजीआजा त्याला तिथे नेतात, चपला काढायला लावतात आणि मग गोष्ट सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, या तळ्यावर सगळ्या गावाचे धान पिकत असे. एका उन्हाळ्यात लोक गाळ काढायला उतरले. "आनखी खना गा, जेवढं खोल तेवढं पानी," म्हणत ते खणत राहिले. काठावर रघोजी माहूत आपल्या गौरा हत्तिणीला पाला चारत होता. "फुकट खाते तुयी हत्तीन. दोन टोपल्या तरी वाहू दे तिले," कोणी टोमणा मारला. रघोजी हसला. ती त्याच्या लेकीसारखी होती.

खणता खणता तळाची चिकणमाती संपली आणि खालची वाळू उघडी पडली. त्या हावेचे फळ पावसाळ्यात दिसले. सकाळी भरलेले पाणी संध्याकाळपर्यंत वाळूत जिरून जाई. रोपे पिवळी पडली. नवी चिकणमाती आणून टाकली, पण ती तुडवून तळ घट्ट करायला बैल उतरेनात, उतरले की रुतत.

तेव्हा रघोजीने गौराला खाली उतरवले. ती गोल फिरत माती तुडवू लागली. वरून पाऊस कोसळत होता. पाणी तिच्या गुडघ्यांना लागले, मग पोटाला.

"झालं गौरा, ये वर," रघोजीने हाक मारली.

आजवर तिने त्याचा शब्द मोडला नव्हता. ती काठाशी आली, सोंडेने त्याचा गाल चाचपला आणि पुन्हा मधोमध गेली. पाऊल टाकी, तशी खाली जाई. शेवटी पाण्यावर फक्त सोंड दिसत होती, शेंड्याशी वळलेली. मग तीही दिसेना.

त्या वर्षी तळ्यातून थेंबभरही पाणी जिरले नाही, असे सांगतात. रघोजीने मात्र नव्या धानाचा घास तोंडात घेतला नाही. उन्हाळ्यात तळे आटले, तेव्हा मधोमध कधी न पाहिलेले झाड उभे होते. रघोजीने पानावर हात ठेवला. ती कातडी त्याच्या तळव्याला ठाऊक होती. तो तिथेच बसला आणि कितीतरी वेळ उठला नाही.

आजही गाळ काढताना भुरुंडीचे मूळ जिथे संपते, तिथे कुदळ थांबते. खणणारा माणूस, कितीही धटिंगण असो, पानावर हात ठेवून हळूच म्हणतो, "झालं गौरा," आणि वर येतो.